अर्थसंकल्प अडला, किंवा न वाचताच मंजूर झाला, तर आमदाराला जाब कसा विचारायचा? (मध्य प्रदेश, खास करून ग्वाल्हेर)

लष्करकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या काही राज्यांत अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर आमदारांचा पगार थांबतो, असं वाचनात आलं. आपल्याकडे असं काही आहे का? नसेल तर आमदाराला या कामाबद्दल जबाबदार धरण्याचे कोणते रस्ते आहेत? ग्वाल्हेर जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत: ग्वाल्हेर ग्रामीण, ग्वाल्हेर, ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण, भितरवार आणि डबरा. या सहांपैकी कुणाही मतदाराला घरबसल्या काय करता येईल, ते नेमकं लिहा. नुसती राजकीय चर्चा नको, कलम, कागद, पायऱ्या अशी माहिती हवी आहे. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ लाख २१ हजार कोटींचा होता. एवढ्या पैशाला होकार देणाऱ्या माणसाला आपण वर्षभरात त्याबद्दल एक प्रश्नही विचारत नाही, हे मनाला लागतं.

हिशेबनीस

चांगला विषय काढलात. पण सुरुवात थोडी मागून करावी लागेल, कारण आपल्याकडे 'अर्थसंकल्प मंजूर न होणं' याचा अर्थच वेगळा आहे.

पायऱ्या अशा. संविधानाच्या कलम २०२ खाली राज्यपालांच्या नावाने वार्षिक वित्तीय विवरण सभागृहात मांडलं जातं. त्यात दोन प्रकारचा खर्च असतो. एक 'भारित', म्हणजे राज्यपालांचं वेतन, कर्जाचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार, न्यायालयाच्या हुकुमानुसार द्यायची रक्कम. यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. दुसरा 'दत्तमत', म्हणजे आपल्या इथल्या हिंदी पुस्तकांतला 'मतदेय'. तो कलम २०३ प्रमाणे खातेवार अनुदानाच्या मागण्या म्हणून येतो आणि त्यावर मत द्यावं लागतं. मागण्या मंजूर झाल्या की कलम २०४ चं विनियोजन विधेयक (विनियोग विधेयक) येतं. ते मंजूर होऊन त्यावर राज्यपालांची सही झाल्याशिवाय राज्याच्या संचित निधीतून एक रुपया निघत नाही. भारित खर्चसुद्धा नाही. मतदान लागत नसलं तरी विनियोजन कायद्यात त्याचंही नाव लागतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

३१ मार्चपर्यंत हे झालं नाही तर १ एप्रिलला कोषागारात पगाराची देयकं पास करायला आधारच उरत नाही. म्हणून कलम २०६ मध्ये लेखानुदान आहे: पूर्ण चर्चा होईपर्यंत काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत लेखानुदानच घेतलं होतं, एप्रिल ते जुलै या चार महिन्यांसाठी सुमारे १ लाख ४५ हजार कोटींचं.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. सरकारची मागणी सभागृहाने नाकारली, तर सरकारने बहुमत गमावलं असं धरलं जातं आणि त्याला जावं लागतं. म्हणून अमेरिकेसारखा 'अर्थसंकल्प महिनोन्‌महिने लटकला, पण सगळे आपापल्या खुर्चीत' असा प्रकार इथे होत नाही. आपलं दुखणं उलटं आहे. इथे अर्थसंकल्प अडत नाही, तो न वाचताच पुढे सरकतो. जाब विचारायचा तर तो याबद्दल.

मोतीमहाल

हिशेबनीसांच्या शेवटच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो, कारण तो इतिहास ग्वाल्हेरचाच आहे.

जुलै १९६७. भोपाळमध्ये अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं, मुख्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र. शिक्षण खात्याच्या मागण्यांच्या वेळी काँग्रेसचे ३६ आमदार फुटले आणि सरकार पडलं. या सगळ्याची सूत्रं ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांच्याकडे होती. ३० जुलैला संयुक्त विधायक दलाचे गोविंद नारायण सिंह मुख्यमंत्री झाले. अनुदानाच्या मागणीवरचं मत म्हणजे काय ताकद असते, याचं मध्य प्रदेशातलं सगळ्यात मोठं उदाहरण हेच.

पण आज ते घडणं जवळपास अशक्य. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आली. पक्षाने व्हिप (मत कसं द्यायचं याचा पक्षादेश) काढला असताना आमदाराने परवानगीशिवाय विरोधात मत दिलं किंवा तो मतदानाला गैरहजर राहिला, आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे सत्ताधारी आमदार आपल्याच सरकारच्या मागणीविरुद्ध हात वर करूच शकत नाही. 'तुम्ही या खर्चाला हो का म्हटलं?' असं त्याला विचारलंत तर 'व्हिप होता' हे उत्तर तयारच असतं. म्हणून मतावर नाही, मताच्या आधी त्याने काय केलं यावर बोट ठेवायचं: चर्चेत बोलला का, कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याची सूचना) दिली का, प्रश्न विचारला का. व्हिप यांतल्या कशाच्याही आड येत नाही.

दौलतगंज

मग राज्यात अर्थसंकल्प अडकल्याची उदाहरणं नाहीतच का?

मोतीमहाल

आहेत, पण तिथे खरा प्रश्न बहुमताचा होता. उत्तराखंड, १८ मार्च २०१६. विनियोजन विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. विरोधक आणि काँग्रेसचे नऊ बंडखोर आमदार मतविभाजन मागत होते, ते मिळालं नाही. २७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली. २१ एप्रिलला उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि शेवटी १० मे रोजी सभागृहात बहुमत चाचणी झाली. मधल्या काळातला खर्च भागवायला केंद्राला लेखानुदानाचा अध्यादेश काढावा लागला.

आपल्याकडे २०२० मध्ये २० मार्चला सरकार गेलं, २३ मार्चला नवं आलं, लगेच टाळेबंदी लागली आणि नव्या आर्थिक वर्षाचं लेखानुदान अध्यादेशाने काढावं लागलं.

उत्तराखंडातून आपल्या कामाची एकच गोष्ट उचला. आवाजी मतदानात कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. 'जो पक्ष में हों वे हाँ कहें', पाठोपाठ 'जो विपक्ष में हों वे ना कहें', मग 'हाँ की जीत हुई', संपलं. आपल्या आमदाराने काय म्हटलं, तो आत होता की बाहेर कँटीनमध्ये, कागदावर काहीच उरत नाही. नावं नोंदली जातात ती फक्त मतविभाजनात. तुमचे आमदार विरोधी पक्षात असतील तर त्यांना पहिली विनंती हीच करा: निदान एका मोठ्या मागणीवर मतविभाजन मागा.

तिघरा

अमेरिकेचा विषय धाग्यात आलाच आहे, तर तो नीट मांडतो. अर्धवट माहितीवर 'तिकडे बघा, इकडे बघा' होतं.

कॅलिफोर्नियात १५ जूनपर्यंत अर्थसंकल्प मंजूर करायची संविधानिक मुदत आहे. पूर्वी दोन तृतीयांश बहुमत लागायचं, त्यामुळे वारंवार रखडायचं. नोव्हेंबर २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रोपोझिशन २५' मंजूर केलं. साध्या बहुमताने अर्थसंकल्प मंजूर करता येईल, पण १५ जूननंतर उशीर होईल तितक्या दिवसांचा आमदारांचा पगार आणि भत्ता कायमचा बुडेल, असा तो सौदा होता. पुढच्याच वर्षी गंमत उलटली. आमदारांनी १५ जूनला एक अर्थसंकल्प मंजूर केला, गव्हर्नरांनी नाकारला, आणि जमाखर्चाचा मेळच बसत नाही म्हणून राज्याचे कंट्रोलर जॉन चियांग यांनी १२ दिवसांचा पगार रोखला. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१२ मध्ये निकाल लागला, की अर्थसंकल्प संतुलित आहे की नाही हे ठरवायचा अधिकार कंट्रोलरला नाही.

शिकण्यासारखं काय? पगारकपातीने तारीख पाळली जाते. तारखेला जे मंजूर होतं ते बरं की वाईट, याची हमी त्यातून मिळत नाही. आणि इलिनॉयमध्ये तर २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता, विद्यापीठं आणि समाजसेवी संस्थांचे पैसे थकले, तरी कुणाची खुर्ची गेली नाही. कारण तिथे गव्हर्नर आणि विधिमंडळ वेगवेगळे निवडून येतात, मुदत ठरलेली असते. आपली घडण वेगळी, म्हणून औषधही वेगळं लागेल.

नयाबाजार

कायद्याच्या अंगाने पुस्ती जोडतो. इथे तसा नियम आणायचा तर अडचणी तीन. आमदारांच्या वेतनाचा कायदा (मध्य प्रदेशात १९७२ चा) आमदारच बदलू शकतात. कॅलिफोर्नियासारखं मतदारांनी थेट कायदा करण्याची सोय आपल्याकडे नाही. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल कलम १९४(२) खाली आमदारावर कुठल्याही न्यायालयात कारवाई होत नाही. आणि सभागृहाच्या कामकाजात पद्धतीची चूक झाली, एवढ्या कारणावरून कलम २१२ न्यायालयाला त्यात पडू देत नाही. तेव्हा 'अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर झाला' म्हणून उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठात जनहित याचिका टाकण्याचा विचार कुणी करत असेल तर वकिलाची फी वाचवा.

दौलतगंज

६० दिवस गैरहजर राहिलं की आमदारकी जाते म्हणतात ना? आणि आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार? 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' आपल्याच राज्यात झालं होतं.

नयाबाजार

दोन्ही गोष्टी अर्ध्या बरोबर आहेत.

कलम १९०(४): सभागृहाच्या परवानगीशिवाय ६० दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिकामी जाहीर करू शकतं. 'करू शकतं', आपोआप होत नाही. आणि ६० दिवस मोजताना अधिवेशन संपल्यानंतरचा काळ किंवा सलग चार दिवसांपेक्षा जास्त तहकुबीचा काळ धरत नाहीत. आपली अधिवेशनं मुळात इतकी छोटी, की ६० चा आकडा गाठणंच कठीण. कलम १७४ एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. वर्षाला किमान किती बैठका, याबद्दल संविधान गप्प आहे. गणसंख्येचं म्हणाल तर २३० च्या सभागृहात २३ जण पुरतात. म्हणजे लाखो कोटींच्या मागण्या २३ जणांच्या उपस्थितीत नियमानुसार मंजूर होऊ शकतात.

'खाली कुर्सी' ही नगरपालिकेच्या अध्यक्षांसाठीची तरतूद. २००१ मध्ये अनूपपूरला तिचा वापर झाला होता. आमदार-खासदारांना ती लागू नाही, तशी तरतूद देशात कुठेच नाही.

हिशेबनीस

आता गिलोटिनबद्दल, कारण मूळ दुखणं तिथे आहे.

मागण्यांवरच्या चर्चेला कामकाज सल्लागार समिती दिवस ठरवून देते. शेवटच्या दिवशी ठरलेली वेळ झाली की चर्चा न झालेल्या सगळ्या मागण्या अध्यक्ष एकत्र मताला टाकतात, त्याला गिलोटिन म्हणतात. नियमाला धरूनच असतं ते. पण अधिवेशन लवकर गुंडाळलं की गिलोटिनखाली जाणाऱ्या मागण्या वाढतात. २०२४ चं पावसाळी अधिवेशन १ ते १९ जुलै असं ठरलं होतं. ३ जुलैला अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी ३ लाख ६५ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला आणि ५ जुलैला सभागृह बेमुदत तहकूब झालं. अर्थसंकल्प मंजूर करूनच. गोंधळ कुणी घातला, चर्चा कुणी टाळली यावर दोन्ही बाजू एकमेकींकडे बोट दाखवतील. मतदाराच्या दृष्टीने दोन्ही बाजूंच्या आमदारांनी आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम अर्धवट सोडलं, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला हवं.

आणखी एक गैरसमज दूर करा. आमदार सभागृहात कुठल्याही मागणीची रक्कम वाढवू शकत नाही. कलम २०३ प्रमाणे मागणी मान्य करायची, नाकारायची किंवा कमी करायची, एवढेच तीन पर्याय. 'मी अर्थसंकल्पात तुमच्या रस्त्याला पैसे वाढवून आणतो' असं कुणी म्हटलं तर ते काम सभागृहातलं नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून खात्याच्या प्रस्तावात नाव घालून घेण्याचं काम आहे. मार्चमध्ये निवेदन देऊन उपयोग नसतो तो म्हणूनच.

सभागृहात आमदाराच्या हातात असते ती कपात सूचना, आपल्याकडचा 'कटौती प्रस्ताव'. तिचे प्रकार तीन. धोरण कपात: मागणी एक रुपयावर आणा, म्हणजे धोरणच नामंजूर. काटकसर कपात: अमुक रक्कम कमी करा. सांकेतिक कपात: १०० रुपये कमी करा, म्हणजे एका नेमक्या तक्रारीकडे लक्ष वेधणं. मतदाराच्या उपयोगाची तिसरी. तिच्यात 'जयारोग्यसारख्या रुग्णालयात अमुक यंत्रसामग्रीची तरतूद असून खर्च नाही' इतका बारीक मुद्दा घालता येतो. सूचना नामंजूर होणार हे धरूनच चालायचं, पण मुद्दा कार्यवाहीत नोंदला जातो आणि मंत्र्याला उत्तरात त्यावर बोलावं लागतं.

केरळात अर्थसंकल्प मांडल्यावर विषय समित्या खातेवार मागण्या तपासतात, मग सभागृहात मतदान होतं. आपल्याकडे मागण्या तपासणाऱ्या अशा समित्या नाहीत. सहाही आमदारांकडे एक धोरणात्मक मागणी करायची असेल तर मी हीच करीन.

मुरारकर

मी फक्त पुस्तक कसं वाचायचं ते लिहितो. ते न वाचता आमदाराकडे गेलात तर ते ताकास तूर लागू देणार नाहीत.

राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर खातेवार खंड असतात, पीडीएफ, हिंदीत. प्रत्येक ओळीला आकड्यांचा कोड असतो. पहिले चार आकडे म्हणजे मुख्य शीर्ष. त्यावरूनच खर्चाची जात कळते: २००० ते ३९९९ महसुली खर्च (पगार, दुरुस्ती, अनुदानं), ४००० ते ५९९९ भांडवली (नवं बांधकाम), ६००० ते ७९९९ कर्जं. २२०२ सामान्य शिक्षण, २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ४२१० त्याचाच भांडवली भाग, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, ५०५४ रस्ते व पुलांवरचा भांडवली खर्च. भाषणात 'नवा पूल' म्हटलं असेल आणि ओळ ५०५४ मध्ये सापडत नसेल, तर भाषणावर विसंबू नका.

मग चार रकाने: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च (लेखा), चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. नवशिके फक्त शेवटचा बघतात. तुम्ही पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवा. दरवर्षी ५० मांडायचे आणि प्रत्यक्षात ८ खर्च करायचे, असं जिथे दिसेल तिथे प्रश्न तयार झाला.

दोन ठिकाणी हमखास चूक होते. पानाच्या वर कोपऱ्यात एकक लिहिलेलं असतं, हजारात की लाखात, ते न पाहता लोक कोटी समजून बसतात. आणि योजनेच्या पुढे अगदी किरकोळ रक्कम असते, तिला 'प्रतीक प्रावधान' म्हणतात. म्हणजे शीर्ष उघडून ठेवलंय, पैसा दिलेला नाही. काम 'बजट में आ गया' म्हणून फलक लागतो तो कित्येकदा अशाच ओळीच्या जिवावर.

आणि पुस्तकात नाव आलं म्हणजे काम सुरू झालं असंही नाही. क्रम असा: अर्थसंकल्पात समावेश, प्रशासकीय स्वीकृती, तांत्रिक स्वीकृती, निविदा, कार्यादेश. कामं सगळ्यात जास्त अडकतात ती पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये. म्हणून 'काम कधी होणार?' हा प्रश्न फुकट जातो. 'प्रशासकीय स्वीकृतीचा क्रमांक आणि दिनांक काय?' असं विचारा. याला हो किंवा नाही, एवढीच दोन उत्तरं आहेत.

शिवाय आधी खात्री करा की रस्ता कुणाचा. मोहल्ल्यातल्या गल्ल्या बहुतेक नगर निगमच्या, त्यांचा अर्थसंकल्प निगम परिषदेत मंजूर होतो, भोपाळला नाही. तिथे आमदाराला धरलंत तर तो रीतसर हात झटकेल.

बाडा_चौक

मुरारकर, रकाने आणि पायऱ्या छान सांगितल्या. माझा साधा प्रश्न: ही माहिती मागायची कुणाकडे? आमदारांकडे की माहितीच्या अधिकारात?

मुरारकर

दोन्हीकडे, पण क्रम ठेवा. आधी माहितीचा अधिकार. संबंधित खात्याच्या कार्यपालन यंत्री (कार्यकारी अभियंता) कार्यालयात अर्ज, शुल्क १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याचं शुल्क आपल्या राज्यात ५० रुपये. अर्जात 'का' विचारू नका, 'का' ही माहिती नव्हे असं म्हणून परत करतात. कागद मागा: स्वीकृती आदेशाची प्रत, मासिक खर्चपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या पानांच्या प्रती. एका अर्जात एकच काम, एकच आर्थिक वर्ष. पाच कामं एकत्र विचारलीत की 'माहिती विस्तृत स्वरूपाची' म्हणून टोलवाटोलवी सुरू होते.

कागद हातात आल्यावर आमदार.

ऑडिट_गल्ली

ग्वाल्हेरकरांच्या हाताशी असलेली एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. सगळ्या मध्य प्रदेशाचा हिशेब भोपाळला नाही, आपल्या झाशी रोडवर लागतो. हिशेब मांडणारं महालेखाकार कार्यालय तिथेच आहे. महालेखाकारांची कार्यालयं दोन प्रकारची असतात, गल्लत करू नका. लेखा व हकदारी वाल्यांचं काम राज्याचे हिशेब मांडणं, भविष्य निर्वाह निधी सांभाळणं. लेखापरीक्षा वाल्यांचं काम ते तपासणं.

दरवर्षी तीन दस्तऐवज निघतात: वित्त लेखे, विनियोजन लेखे आणि राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा लेखापरीक्षा अहवाल. मतदाराने वाचावं ते विनियोजन लेखे. विधानसभेने प्रत्येक मागणीखाली किती दिले, खात्याने किती खर्च केले, हे त्यात शेजारी शेजारी असतं. 'बचत' या शब्दाला भुलू नका. तिथे बचत म्हणजे काटकसर नव्हे, मंजूर पैसा पडून राहिला असा अर्थ. त्यातला किती ३१ मार्चलाच समर्पित केला तेही दिलेलं असतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी परत केलेला पैसा दुसऱ्या कुठल्या गरजू खात्याला वापरताच येत नाही. उलट बाजूला 'अधिक व्यय' दिसतो, मंजुरीपेक्षा जास्त खर्च. तो कलम २०५ खाली सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी लोकलेखा समिती तो तपासते. या समितीचं अध्यक्षपद प्रघाताने विरोधी पक्षाकडे असतं. तुमच्या सहांपैकी कुणी त्या समितीवर आहे का, हे विधानसभेच्या संकेतस्थळावर बघा. असेल तर त्याला वेगळं पत्र लिहायला हवं: किती बैठकांना गेलात, किती वर्षांचा अधिक व्यय नियमित व्हायचा बाकी आहे.

कॅगचा (देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल संविधानाच्या कलम १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो आणि ते तो विधानसभेपुढे ठेवायला लावतात. किती दिवसांत, याची मुदत कलमात नाही, आणि याच फटीत अहवाल महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. पटलावर येण्याआधी माहितीच्या अधिकारात मागितलात तर विशेषाधिकाराचं कारण देऊन कलम ८(१)(ग) खाली नाकारतील. तेव्हा ती शक्ती वाया घालवू नका. आमदारालाच विचारा: 'अहवाल पटलावर ठेवा म्हणून तुम्ही सभागृहात मागणी केली का?'

वर्षभर वाट पाहायची नसेल तर कॅगच्या संकेतस्थळावर राज्याचे मासिक प्रमुख निर्देशक मिळतात. आकडे अलेखापरीक्षित असतात, पण डिसेंबरपर्यंत भांडवली खर्च किती झाला ते कळतं. नऊ महिन्यांत अर्धाही नसेल तर उरलेला मार्चच्या गर्दीत उडणार हे समजा. मग घाईत दिलेली आगाऊ रक्कम, अपुरी मोजमापं, सगळं मागून येतं.

लष्करकर

धाग्याने खूप दिलं. मी सगळं मिळून असं ठरवतोय, चूक असेल तर सांगा: जानेवारीत विनियोजन लेखे आणि खंड वाचून दोन कामं निवडायची, माहितीच्या अधिकारात कागद काढायचे, अधिवेशनाची अधिसूचना निघताच आमदाराला प्रश्नाचा तयार मसुदा द्यायचा. मसुदा कसा असावा?

मोतीमहाल

क्रम बरोबर, पण माहितीच्या अधिकाराचा अर्ज जानेवारीत केलात तर उत्तर वेळेत हातात येणं कठीण. तो नोव्हेंबरात टाका.

मसुदा हिंदीत द्या, विधानसभेच्याच ठेवणीत, म्हणजे कार्यालयातल्या माणसाला फक्त सही घ्यावी लागेल. असा:

'क्या लोक निर्माण मंत्री महोदय यह बताने की कृपा करेंगे कि (क) वित्तीय वर्ष २०२५-२६ के बजट में ग्वालियर दक्षिण विधानसभा क्षेत्र के कौन-कौन से मार्ग सम्मिलित हैं? मार्गवार प्रावधानित राशि बतायें। (ख) उक्त में से किन कार्यों की प्रशासकीय स्वीकृति किस दिनांक को जारी हुई? (ग) प्रत्येक कार्य पर ३१ जनवरी तक कितना व्यय हुआ?'

उत्तरं संकेतस्थळावर चढतात. तिथे एक वाक्य वारंवार भेटेल: 'जानकारी एकत्रित की जा रही है.' माहिती गोळा होत आहे, म्हणजे आज उत्तर नाही. बहुतेक आमदार इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. अपूर्ण उत्तरं ज्या समितीपुढे नेता येतात ती प्रश्न व संदर्भ समिती आहे, आणि मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिलं असेल तर आश्वासन समिती. प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख घालून आमदाराला पुन्हा पत्र द्या.

दौलतगंज

आमदार सत्ताधारी असेल आणि प्रश्न विचारायला तयारच नसेल तर?

नयाबाजार

प्रश्न स्वतःच्याच मतदारसंघाबद्दल असावा असं बंधन नाही. जिल्ह्यातला, हवं तर बाहेरचा, दुसरा आमदार विचारू शकतो. शिवाय याचिकेचा रस्ता आहे. नागरिकांच्या सह्यांची याचिका आमदारामार्फत सभागृहात सादर होते आणि याचिका समितीकडे जाते. रस्ता, पूल, शाळेचा दर्जा वाढवणं अशा कामांच्या याचिका आपल्या विधानसभेत नेहमीच्या आहेत, सत्ताधारी आमदारही त्या देतात, कारण त्यात सरकारवर टीका दिसत नाही. पण याचिकेने काम पुढे सरकतं, पैशाचा हिशेब मिळत नाही. हिशेब हवा तर प्रश्नच.

आणि नकार मिळाला तर तो लेखी घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. पुढच्या निवडणुकीत पाच वर्षांची अशी सहा-सात पत्रं शेजारी मांडली की बोलायला काही शिल्लक राहत नाही.

लष्करकर

समजलं. दौलतगंज आणि बाडा_चौक, ग्वाल्हेर पूर्व आणि दक्षिणेच्या कामांसाठी खंडांतली शीर्षं आपण वाटून घेऊ. मी ५०५४ आणि ४२१० घेतो. २२१५ कुणी घेईल का? वर दिलेला मसुदा तसाच वापरतो.

बाडा_चौक

२२१५ माझ्याकडे. सुधारित अंदाजाचा रकानाही टिपून ठेवतो.

मुरारकर

मसुद्यात एक दुरुस्ती करा. (ग) मध्ये नुसतं 'कितना व्यय हुआ' ठेवलंत तर एकच एकूण आकडा येईल. त्यापुढे 'माहवार बतायें' जोडा, आणि तारीख ३१ जानेवारीऐवजी प्रश्नाच्या दिवसापर्यंतची मागा, 'प्रश्न दिनांक तक'. नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईने काढलेली देयकं त्या उत्तरात दिसणारच नाहीत.